सोळा रविवार, चार आवाज आणि एक लाल पेन्सिल

गेल्या गणपतीत सोसायटीच्या मंडपात आम्ही चौदा बायकांनी एक समूहगीत म्हटलं. बसवलेलं मी. आठ जणी मूळ चाल म्हणत होत्या आणि सहा जणी ‘सेकंड’, म्हणजे सोबतचा दुसरा आवाज. तीन आठवडे तालीम केली, साड्याही एका रंगाच्या. गाणं संपल्यावर बी विंगमधले एक काका मुद्दाम पुढे येऊन म्हणाले, “छान झालं हो, पण तुमचा माईक घुमत होता का?”

माईक घुमत नव्हता. घुमत होते ते माझे पंचम. हे कळायला मला पुढे चार महिने आणि आठ हजार रुपये लागले. त्या आठ हजारांचा हा हिशोब.

वर्ग हार्मनीचा, म्हणजे एका गाण्यात चार आवाज एकत्र कसे चालवायचे ते शिकवणारा. तो गिरगावात आहे, चर्नी रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या लाकडी जिन्याच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर. नाव आणि पत्ता लिहू नका असं सरांनी बजावलंय, कारण खुर्च्या आठच आहेत आणि नववा माणूस आला तर त्याला पियानोच्या स्टुलावर बसवावं लागतं. संगीतवाल्यांत चौकशी केलीत तर सापडेल, मलाही तसाच सापडला. सोळा रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. मी डोंबिवलीहून जाते, म्हणजे दादरला गाडी बदलायची आणि मेगाब्लॉक असला की नशिबाची परीक्षा. सोळापैकी एकच रविवार बुडवला, यावरून काय ते समजा.

मी पेटीवाली. शाळेपासून वाजवते, भजनी मंडळात साथ करते, काळी चारमध्ये डोळे मिटून काहीही वाजवेन. कॉर्डही येत होते, म्हणजे सा ग प एकदम दाबता येत होतं. त्याआधी एक ऑनलाइन कोर्स विकत घेतला होता. त्यात नियमांची एक यादी होती: समांतर पंचम नको, समांतर अष्टक नको, नी ची दुप्पट नको, आवाज एकमेकांना ओलांडू नयेत. यादी पाठ झाली. का नको, ते मात्र व्हिडिओतल्या गृहस्थांनी एकदाही सांगितलं नाही, आणि कारण कळलं नाही तर माझ्या डोक्यात नियम टिकत नाही. भाजीत गूळ का घालायचा हे आईनं सांगितलं नसतं तर तोही मी विसरले असते.

सर मूळचे गोव्याचे, साठी ओलांडलेले. बालपणी गावच्या चर्चमधल्या मेस्त्रेकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, सोल्फेज शिकले, म्हणजे आधी महिनोन्‌महिने स्वरलेखन वाचून गायचं आणि मग वाद्याला हात लावायचा. त्यामुळे आमची पहिली चकमक ‘सा’वरूनच झाली. माझा सा गाणारणीच्या गळ्याप्रमाणे फिरतो. त्यांचा ‘दो’, म्हणजे त्यांच्याकडचा सा, कायम पांढरी एक, खिळा ठोकल्यासारखा. दोन रविवार मी सारखी चुकत होते. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, “ताई, तुम्ही सारेगमच लिहा. मी वाचेन. पण सा पांढरी एकच.” तह झाला. पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

पहिले दोन रविवार पियानोचं झाकण उघडलंच नाही. फक्त गायचं आणि कोणाचा गळा कुठून कुठवर जातो ते वहीत मांडायचं. वरून खाली चार आवाज: सोप्रानो, अल्टो, टेनर, बेस. वरच्या तीन आवाजांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये एका सप्तकापेक्षा जास्त फट नको. बेस आणि टेनर यांच्यामध्ये कितीही चालेल. हे मला तेव्हा उगाच वाटलं होतं. मग सरांनी दोघींना जवळजवळ दीड सप्तकाचं अंतर ठेवून गायला लावलं आणि मधे कोणालाच ठेवलं नाही. दोन वेगळ्या खोल्यांत दोन वेगळे रेडिओ लागल्यासारखं झालं. तेच अंतर खाली, बेसजवळ, ऐकवलं तर मात्र छान भरीव लागलं. खालच्या जाड सुरांना जागा लागते, ते जवळ आले की गढूळ होतात. पेटीवर अगदी डावीकडे सा ग प एकत्र दाबून बघा, लगेच कळेल.

तिसऱ्या रविवारी पहिला गृहपाठ मिळाला. बेस दिलेला होता: सा, म, प, सा. वरचे तीन आवाज आपण लिहायचे. मी लोकलमध्येच लिहून टाकलं. सा ला सा ग प, म ला म ध सां, प ला प नी रें आणि परत सा ग प (डोक्यावर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला सूर). बोटांचा आकार तोच, नुसता हात सरकवायचा. आयुष्यभर पेटीवर हेच केलंय.

सरांनी लाल पेन्सिल काढली. त्यांच्याकडे एकच आहे, बोटभर उरलेली. म वरून प वर जाताना त्यांनी चार तिरक्या रेघा मारल्या आणि वही फिरवून माझ्यापुढे ठेवली. “ताई, इथे किती माणसं गातायत?” मी म्हटलं चार. “मला एकच ऐकू येतोय.”

मग पियानोचं झाकण उघडलं, पण त्यांनी वाजवलं काहीच नाही. मला विचारलं, तुमच्या पेटीला कपलर आहे का? आहे. कपलर उघडल्यावर एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातली पट्टी आपोआप दबते. तेव्हा दोन जण वाजवतायत असं वाटतं का? नाही वाटत. पेटी जाड होते, एवढंच. “तेच समांतर अष्टक. तुमचा बेस आणि टेनर कपलर लावून गातायत. टेनरला घरी पाठवा, पगार वाचेल.”

पंचमाचं त्यांनी माझ्याकडूनच वदवून घेतलं. तानपुऱ्याला चार तारा: एक पंचमाची, दोन जोडीच्या, एक खर्जाची. ऐकणाऱ्याला चार सूर सुटे ऐकू येतात? तार नीट जुळली असेल तर नाही येत, सगळं मिळून एकच घुमारा होतो. सा च्या तारेत पंचम आधीपासूनच दडलेला असतो. दोघांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन, त्यामुळे ते एकमेकांत विरघळतात. आपण त्यालाच षड्ज-पंचम भाव म्हणतो आणि त्याचं कौतुक करतो. तानपुऱ्याकडून आपल्याला तेच हवं असतं. पण चार माणसं चार चाली गाणार असतील तर विरघळणं परवडत नाही. एखादा पंचम मधेच आला तर काही बिघडत नाही, पंचम जागच्या जागी थांबला तरी चालतं. पण दोन आवाज पंचमाच्या अंतराने एकाच दिशेने, लागोपाठ, हातात हात घालून चालू लागले की ऐकणाऱ्याचा कान त्यांना एकच माणूस समजतो.

आणि मी गणपतीत सहा बायकांना काय सांगितलं होतं? “मूळ चालीपासून पाचवा सूर धरा आणि सोडू नका.” बी विंगच्या काकांचा कान शाबूत आहे. मी त्यांना हे सांगितलंही, त्यांना फारसं पटलं नाही.

त्याच पानावर सरांनी दुरुस्ती करून दिली. ती इथे देते, कारण सगळा वर्ग त्या चार ओळींत आहे. बेस तोच: सा म प सा. टेनर: सा सा नी सा. अल्टो: ग म रे ग. सोप्रानो: प ध प प. सा वरून म वर जाताना सा दोन्ही कॉर्डमध्ये आहे, म्हणून टेनर हलतच नाही. बाकीचे दोघे एकेक पायरी वर जातात. म वरून प वर जाताना दोन्ही कॉर्डमध्ये सामाईक सूर एकही नाही, म्हणून बेस वर चढला की वरचे तिघे खाली उतरतात. उलट दिशेने गेलं की समांतर होणारच कसं? मग आम्ही एकेक ओळ वेगळी गायली. ग म रे ग. ही तर चाल झाली! कॉर्डच्या पोटातला मधला सूर, ज्याला मी आजवर ‘भरायचा’ समजत होते, त्याला स्वतःचं गाणं मिळालं होतं. सरांची कसोटी एवढीच: प्रत्येक ओळ एकटी गाऊन बघा, लाज वाटली तर खोडा.

मग तिसऱ्या सुराचं अंतर समांतर चालतं ते कसं? गोव्याचा मांडो ऐकलेल्या कुणालाही हा प्रश्न पडेल, कारण तिथे दोन आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या सुराच्या अंतराने सोबतच चालतात आणि ऐकताना जीव हलतो. यावर सरांनी आम्हाला पट्ट्या मोजायला लावल्या, काळ्या-पांढऱ्या मिळून. सा ते ग चार. रे ते म तीन. ग ते प तीन. म ते ध चार. प ते नी चार. ध ते सां तीन. म्हणजे अंतर सारखं बदलतं, कधी मोठं, कधी छोटं. सोबत चालतानाही प्रत्येक पावलाला रंग वेगळा. आता पंचम मोजा. सा ते प सात, रे ते ध सात, ग ते नी सात, म ते सां सात, प ते रें सात, ध ते गं सात. फक्त नी ते मं सहा. एकच रंग पुन्हापुन्हा. हे मोजताना माझ्या शेजारी बसलेला इंजिनियरिंगचा मुलगा मोठ्यानं “अरे!” म्हणाला. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा सांगितला.

चहाबद्दल वेगळं लिहायला हवं. साडेअकराला पंधरा मिनिटांची सुट्टी असते आणि ती कधीच पंधरा मिनिटांत संपत नाही. गोव्यातून मुंबईत आलेल्या वादकांच्या गोष्टी तेव्हा निघतात. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचे आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर ती कागदावर घेऊन व्हायोलिनच्या ताफ्याला वाटून द्यायचे. चर्चच्या शाळेत वाचायला आणि लिहायला शिकल्यामुळेच त्यांना ते जमलं. जुनं गाणं लावून सर फक्त मागची व्हायोलिनं गुणगुणतात, मुख्य चाल नाहीच. एकदा तशी सवय लागली की विविधभारती ऐकणं अवघड होतं. स्वयंपाक करताना मी हल्ली मागची ओळ म्हणते, घरातले ओरडतात.

नी आणि म चे दोन रविवार मला सगळ्यात सोपे गेले, कारण आपल्या कानाला ते आधीच ठाऊक असतं. प च्या कॉर्डमध्ये नी असतो आणि त्याला वर सा कडे ओढ असते. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, नी वर गाणं सोडून दिलं तर लहान मूलही अस्वस्थ होईल. त्याच कॉर्डला वर म जोडला, म्हणजे प नी रे म, की म ला खाली ग कडे ओढ लागते. नी वर, म खाली, दोघे एकमेकांकडे तोंड करून निघतात आणि सा-ग वर घरी पोचतात. म्हणून नी दोन आवाजांना देऊ नये: दोघेही सा कडे धावतील आणि पुन्हा कपलर लागेल.

मग सरांनी बाख या जर्मन संगीतकाराच्या कोरालचं, म्हणजे चर्चमधल्या चार आवाजी भक्तिगीतांचं, पिवळं पडलेलं पुस्तक काढलं, ३७१ कोराल असलेलं, आणि तिथे नी सरळ खाली प वर उडी मारताना दाखवला. मी म्हटलं, हे काय? “मधल्या आवाजात आहे ना? वर सोप्रानोनं सा घेतलाय, कान तिकडे गेला. इकडे खालच्या माणसानं प घेतला म्हणून कॉर्ड भरला.” म्हणजे नियम कानासाठी आहे, कानाचं समाधान दुसरीकडून झालं तर चालून जातं. १७२५ साली व्हिएन्नात फुक्स नावाच्या संगीतकारानं हे नियम गुरू-शिष्याच्या संवादातून लॅटिनमध्ये मांडले आणि पुढे हायडनसारखा मोठा संगीतकार त्या पुस्तकावरून स्वतःचं स्वतः शिकला, हेही सरांनी सांगितलं. गुरू-शिष्यसंवाद म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आता तक्रारी. आहेतच.

दोन रविवार सकाळी साडेआठला मेसेज आला की आज वर्ग नाही. डोंबिवलीच्या माणसाची साडेआठला अर्धी वाट झालेली असते. कोमल ग, कोमल ध वाली मायनर सप्तकं एकाच रविवारात उरकली. तिथे कोमल नी असताना प च्या कॉर्डसाठी तो शुद्ध का करायचा, यावर मला किमान एक तास हवा होता, मिळाला वीस मिनिटं. झेरॉक्स इतक्या फिक्या की नोटांच्या शेपट्या दिसत नाहीत. पंख्याखालची खुर्ची घेऊ नका, कागद उडतात. आणि स्टाफ, म्हणजे पाच रेघांवरचं स्वरलेखन, वाचता येत नसेल तर पहिले तीन रविवार रडकुंडीला याल. सर माझ्याशी तह करायला तयार झाले, सगळ्यांशी होतीलच असं नाही.

मोठी तक्रार रागाची. मला भूप रागातल्या एका भजनाला दुसरा आवाज घालायचा होता. भूपात सूर पाच: सा रे ग प ध. त्यातून पुरे कॉर्ड किती बनतात ते काढून बघा. सा ग प, आणि ध सा ग. झालं. प च्या कॉर्डला नी हवा, म च्या कॉर्डला तर म च हवा, आणि तो घातला की भूप गेला. मी सरांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, “मग दोनच घ्या.” हे उत्तर प्रामाणिक आहे, पण पुरेसं नाही. शेवटी मी घरी बसून कॉर्डचा नाद सोडला आणि दुसऱ्या ओळीला फक्त भूपाच्या सुरांत चालणारी, मूळ चालीच्या उलट दिशेने जाणारी चाल दिली. मूळ चाल ग प ध सां चढते तेव्हा खालची ग रे सा उतरून सा वर थांबते. कॉर्ड कुठला झाला ते विचारू नका. कानाला बरं लागतं, आणि ही युक्ती गिरगावातूनच आलेली, हेही कबूल करायला हवं.

बायकांच्या गटाला टेनर-बेस नसतात, याचीही वर्गात सोय नाही. सगळे धडे चार आवाजांचे. विचारल्यावर एक गोष्ट मात्र उपयोगाची कळली. तीनच आवाज असतील आणि एखादा सूर गाळायची वेळ आली तर प गाळा, ग कधीही गाळू नका. प नसला तरी कान तो धरून चालतो. ग गेला की कॉर्ड हसरा आहे की रडवेला तेच कळत नाही. आता माझ्या गटात बेस पेटी सांभाळते आणि वर तीन ओळी.

पेटीवरून आठवलं. एकदा सरांनी पियानोचं झाकण मिटून आम्हाला नुसतं सा-ग-प धरायला लावलं. थोड्या वेळानं ग आपोआप किंचित उतरला आणि सगळं एकदम बसलं. मग झाकण उघडून त्यांनी पियानोचा ग वाजवला, तो चढा लागला. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर चौदा भाग चढा. पेटीचा ग ही तसाच. गवई पेटीला नावं का ठेवतात ते मी तीस वर्षं पेटी वाजवून त्या दिवशी ऐकलं. तेव्हापासून तालमीत शेवटचा सूर पेटी बंद करून धरायला लावते.

घरी गृहपाठ तपासायला नोटेशनचं एक मोफत सॉफ्टवेअर मुलानं लावून दिलं होतं. दोन आठवड्यांत बंद केलं. संगणकाला दम लागत नाही, उडी अवघड वाटत नाही, त्यामुळे माझ्या सगळ्या चुका त्याच्या तोंडी गोडच लागायच्या. त्यापेक्षा शेजारणीला बोलावून एक ओळ गायला लावणं बरं. ती अडखळली की चूक तिथेच असते.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मंडळात मी नवीन बसवलेलं म्हटलं. काका आले नव्हते. पण मधल्या ओळीतली एक जण, जी गेली चार वर्षं “मला नेहमी कंटाळवाणं देता” म्हणून कुरकुरायची, ती दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ग म रे ग गुणगुणत होती. मी काही बोलले नाही.

परीक्षेसाठी जाणाऱ्यांना हा वर्ग उपयोगाचा नाही, सर पोर्शन पुरा करत नाहीत. समूहगान बसवणाऱ्यांनी, पेटी-कीबोर्डवर हात सरकवून कॉर्ड देणाऱ्यांनी आणि चर्चच्या गायकवृंदात गाणाऱ्यांनी जावं. पाचपैकी चार तारे. एक तारा साडेआठच्या मेसेजसाठी कापला. जाताना कोऱ्या स्टाफची वही, दोन पेन्सिली आणि खोडरबर न्या, पेननं लिहिलेलं सर बघत नाहीत. आणि जमलं तर एक निरोप द्या: सोळाव्या रविवारचा माझा गृहपाठ अजून त्यांच्याकडेच आहे, डोंबिवलीच्या ताईंचा म्हणून सांगा.